डोंगराची दुकानदारी

आमच्या आप्तवर्गांतील एका तरुणानें यंदाच्या उन्हाळ्यांत चांगली चाललेली नोकरी सोडून दिली आणि मुलामुलींस सह्याद्रींत हिंडवून आणण्याचा एक लहानसा धंदा काढावयाचें ठरविलें. ही वार्ता घरांत फुटतांच जी सभा भरली तिला आम्हीहि वडीलकीच्या नात्यानें हजर होतों. थोरल्या मामांनीं आरंभींच निकाल देऊन टाकला: "डोंगर काय तुझ्या बापाचा आहे, कीं तूं त्याचे पैसे घेणार?" काकू म्हणाल्या, "अरे, लोकांचीं पोरें तीं! एखादें पडलेंबिडलें म्हणजे तोंड कोणाला दाखवशील?" आणि तिसरे एक गृहस्थ, जे व्यापारांत मुरलेले म्हणून कुटुंबांत विशेष मान पावतात, ते शांतपणें म्हणाले, "धंदा वाईट नाहीं. पण चौदा मुलांवर काय सुटणार? पन्नास ने." या तीन वाक्यांत आमच्या समाजाची या विषयासंबंधींची सर्व विचारसंपत्ति सांठलेली आहे असें आम्हांस त्याच वेळीं वाटलें, आणि यांपैकीं जें वाक्य सर्वांत सौम्य व व्यवहाराचें म्हणून सर्वांनीं माना डोलवून उचलून धरलें तेंच सर्वांत घातक आहे, हें सांगण्याकरितां आम्ही आज लेखणी हातीं घेतली आहे.

पहिल्या आक्षेपाचा समाचार थोडक्यांत घेतां येण्यासारखा आहे. परंतु तो ज्या मंडळींच्या तोंडून नेहमीं ऐकूं येतो त्यांच्याविषयीं आम्हांस आदर असल्यामुळें जरा सांभाळून बोललें पाहिजे. मुंबई, पुणें, नाशिक या शहरांतून गिर्यारोहणाची जी परंपरा उभी राहिली ती बहुतांशीं हौशी मंडळांनीं पदरमोड करून उभी केली. वर्गणी काढून दोर आणावयाचा, एस. टी. च्या शेवटच्या गाडीनें पायथ्याच्या गांवीं उतरावयाचें, देवळांत पथारी पसरावयाची आणि उजाडतां उजाडतां कड्याला हात घालावयाचा, असा त्यांचा शिरस्ता होता. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेची स्थापना १९८२ सालची. तीस वर्षांनीं, २०१२ सालीं, तिच्या गड्यांनीं एव्हरेस्टचें शिखर गांठलें. हें फळ धंद्याच्या झाडाला आलेलें नव्हे, हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करितों. गो. नी. दांडेकरांनीं किल्ले पायाखालीं घालून ते आपल्या लेखणीनें घरोघरीं पोंचविले, तेंहि कोणी फी दिली म्हणून नव्हे.

तथापि याच मंडळींपैकीं कित्येक जेव्हां "डोंगर विकावयाचा नसतो" असें म्हणून फी घेणाऱ्या तरुणाकडे पाहून नाक मुरडतात, तेव्हां त्यांचा शब्द आम्हांस मान्य होत नाहीं. वैद्य पैसे घेतो म्हणून तो आरोग्य विकतो असें कोणी म्हणत नाहीं. नावाडी उतारूंस पार नेण्याचे पैसे घेतो म्हणून तो नदी विकतो असेंहि कोणी म्हणत नाहीं. वाटाड्या आपला दिवस विकतो, आपले डोळे विकतो, आणि दुसऱ्याच्या लेंकराकडे अष्टौप्रहर पाहण्याचें ओझें अंगावर घेतो. त्याचें मोल मागणें यांत लाज कसली? उलट फुकटेपणांतच एक मोठा धोका लपलेला असतो. आम्ही विशींत असतांना एका हौशी मंडळाबरोबर एका किल्ल्यावर गेलों होतों. उतरतांना अंधार पडला, आणि पायथ्याच्या गांवांत येऊन डोकीं मोजतों तों दोन मुलें कमी! तीं बिचारीं सोंडेवरच्या एका झुडपाला धरून रात्रभर बसून राहिलीं होतीं, हें दुसऱ्या दिवशीं एका गुराख्याकडून कळलें. त्यांपैकीं एकाच्या वडिलांनीं पुढाऱ्यास जाब विचारला, तेव्हां तो ताठ्यानें म्हणाला, "आम्ही काय तुमच्याकडून पैसे घेतले होते?" या उत्तरापुढें वडील निरुत्तर झाले. ज्यानें फी घेतली असती त्याच्या तोंडून हें वाक्य निघूं शकलें नसतें, आणि निघतें तर त्याला पुढचा रविवार पाहावयास मिळाला नसता. फी ही नुसती कमाई नसते. ती जाब विचारण्याचा हक्क पालकांच्या हातीं देणारी पावती असते.

दुसरा आक्षेप भीतीचा. काकूंच्या भीतीला आम्ही हंसत नाहीं, कारण ती भीति खरी आहे. डोंगरांत माणसें मरतात. परंतु त्याच काकूंचा नातू सोळाव्या वर्षीं परवान्यावांचून फटफटी उडवीत शिकवणीस जातो, तेव्हां त्यांच्या काळजाचा ठोका चुकत नाहीं, याचेंहि आम्हांस नवल वाटतें. ज्या धोक्याची संवय झाली तो धोका वाटत नाहीं, एवढेंच. १९४१ सालीं, महायुद्ध ऐन भरांत असतां, वेल्समधील अॅबरडोव्ही येथें कुर्ट हान नांवाच्या शिक्षणतज्ज्ञानें आणि लॉरेन्स होल्ट नांवाच्या जहाजमालकानें आउटवर्ड बाउंड ही शाळा काढली. तिच्या जन्माची हकीकत मोठी विचार करण्यासारखी आहे. बुडालेल्या व्यापारी जहाजांवरील खलाशी जीवरक्षक होड्यांतून समुद्रावर तरंगत राहिले, म्हणजे त्यांतले तरणेबांड पोरगे आधीं हाय खात आणि केंस पिकलेले जुने खलाशी टिकाव धरीत, असें होल्टच्या ध्यानांत आलें असें सांगतात. पोरांच्या अंगांत बळ होतें. थंडी, भूक आणि अनिश्चय यांत मन शाबूत ठेवण्याची संवय मात्र त्यांस कोणी लावलेली नव्हती. ती लावावी म्हणून ही शाळा निघाली. आमच्या मुलांस आम्ही कोणत्या समुद्रावर पाठविणार आहों हें आम्हांस ठाऊक नाहीं. पण घसाऱ्यावर पाय कसा ठेवावा, आपल्या वांट्याचें पाणी दुसऱ्यास केव्हां द्यावें, आणि भ्यालों असतां तें चारचौघांत कसें कबूल करावें, हें शिकविण्याची सोय शिकवणीच्या खोलींत नाहीं, इतकें आम्ही खात्रीनें सांगूं शकतों. म्हणून हा धंदा निघाला पाहिजे, आणि तरुणांनींच काढला पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आतां त्या तिसऱ्या वाक्याकडे वळूं. "पन्नास ने."

पावसाळ्यांतल्या कोणत्याहि रविवारीं पहाटें कळसुबाईच्या पायथ्याच्या बारी गांवीं जाऊन उभें राहावें, म्हणजे पन्नास नेणें म्हणजे काय तें समजतें. एकामागून एक बसगाड्या येतात. प्रत्येकींतून चाळीसपन्नास तरुण उतरतात. प्रत्येक टोळीचा एक पुढारी हातांत झेंडी व गळ्यांत शिटी घालून ओरडत असतो. महाराजांच्या नांवाचा जयघोष होतो, आणि जयघोष करणाऱ्या हातांतूनच खाऊचीं रिकामीं पाकिटें गळत असतात. ज्या शिखराची उंची १६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्रांत सर्वांत अधिक, त्याच्या लोखंडी शिड्यांपाशीं मग रांग लागते, आणि मुंबईच्या लोकलगाडीच्या दारांत जी झुंबड उडते तिचीच आठवण व्हावी असा देखावा दिसूं लागतो. हरिहर किल्ल्याच्या कातळांत खोदलेल्या पायऱ्या तर उभ्या भिंतीस टेकविलेल्या शिडीसारख्या. हात घालण्यास खोबणी ठेवल्या आहेत खऱ्या, पण त्या ज्या काळीं खोदल्या त्या काळीं वरून उतरणारे साठ आणि खालून चढणारे साठ एकाच वेळीं समोरासमोर येतील अशी कल्पना खोदणाऱ्यानें केलेली नव्हती. २०२५ च्या जुलैंत मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादींत दाखल झाले, त्यांतले अकरा महाराष्ट्रांतले. या गोष्टीचा आम्हांस अभिमान वाटला. परंतु आमच्या हातीं आलेल्या एका जाहिरातींत त्याच वारशाचें नांव सवलतीच्या दराशेजारीं छापलेलें पाहून तो अभिमान जरा ओसरला, हेंहि सांगून टाकतों.

गर्दी ही केवळ डोळ्यांस खुपते म्हणून आम्ही तिच्याविरुद्ध बोलत आहों असें कोणी समजूं नये. तिच्यांत एक साधा हिशेब आहे, आणि तो ज्यांस कळत नाहीं त्यांनीं या धंद्यांत पडूं नये. घाटाची वाट एका माणसापुरती असते. पन्नास माणसें एकामागें एक चालूं लागलीं म्हणजे पुढल्याची हांक मागल्यास पोंचत नाहीं. वाटेंत एखादा कातळटप्पा आला आणि प्रत्येकास तो चढण्यास दोन मिनिटें लागलीं, तर चौदा जण अर्ध्या तासाच्या आंत पार होतात. पन्नास जणांस दीड तासाहून अधिक वेळ लागतो. तेवढा वेळ आधीं चढलेले वाऱ्यांत कुडकुडत उभे राहतात, न चढलेले खालीं कंटाळून आडवाटेला लागतात, आणि दुपारचें धुकें कोणाकरितांच थांबत नाहीं. मग उतरतांना अंधार, अंधारांत घाई, आणि घाईंत ढोरवाटेलाच खरी वाट समजणें, ही साखळी ठरलेली. अपघात झाला म्हणजे वर्तमानपत्रांत "पाय घसरून" असें छापून येतें. पाय शेवटीं घसरतो; हिशेब आदल्या सोमवारीं, नांवें नोंदवितांनाच घसरलेला असतो.

पाण्याचें तर याहून कठीण. सह्याद्रींतला ओढा हा मोठा फसवा. खालीं ऊन पडलेलें असतें आणि वर पठारावर, जें आपल्यास दिसतहि नाहीं, तेथें पाऊस कोसळत असतो; घोट्याइतकें पाणी पाहतां पाहतां कमरेस लागतें. २०२४ च्या जूनच्या ३० तारखेस लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या मागल्या ओढ्यांत एकाच कुटुंबांतील पांच माणसें वाहून गेलीं, तीं कोणत्याहि दुकानदाराबरोबर गेलेलीं नव्हतीं. परंतु पाणी फी भरलेल्यास ओळखतें असें नाहीं. चौदा मुलांस घेऊन ओढ्याकांठीं उभ्या असलेल्या माणसास "चला परत" असें म्हणणें जड जातें. पन्नासांचे पैसे खिशांत घेऊन उभ्या असलेल्यास तें जवळ जवळ अशक्यच होऊन बसतें. आणि काजव्यांची गोष्ट सांगावी तर लाजच वाटते. वळवाच्या सरी पडूं लागल्या म्हणजे मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत राजमाची, भंडारदरा, पुरुषवाडी या बाजूचीं झाडें काजव्यांनीं लखलखतात. तो लखलखाट म्हणजे त्या किड्यांची जोडीदार शोधण्याची भाषा. ती पाहावयास म्हणून शेकडों माणसें विजेऱ्या पाजळीत आणि मोटारींचे दिवे पाडीत जातात, आणि ज्या अंधाराकरितां आलों तोच विझवून परततात!

मुलांच्या जिवाशीं चाललेल्या या धंद्यांत निष्काळजीपणाचा शेवट कोठें होतो, हें इंग्लंडांतील एका प्रकरणावरून सर्व जगास दिसलें आहे. १९९३ च्या मार्च महिन्याच्या २२ तारखेस प्लिमथ येथील एका शाळेचीं आठ मुलें व त्यांचे शिक्षक, एका खाजगी साहस-केंद्राच्या दोन शिक्षकांसह, कायाक नांवाच्या अरुंद होड्यांतून लाइम रीजिस येथून निघालीं. जावयाचें होतें दोन मैलांवरच्या चारमथला. वाऱ्यानें होड्या खोल समुद्रांत लोटल्या. त्या उलटूं लागल्या. संकटाची खूण करण्यास जवळ दारूचे बाण नव्हते. आणि किनाऱ्यावरच्या रक्षकांस खबर जाण्यास तासांमागून तास गेले. चार मुलें थंडीनें व पाण्यानें मेलीं. वाचकांनीं मनांत धरून ठेवावी अशी गोष्ट यापुढें आहे. त्याच केंद्रांतील दोन शिक्षकांनीं आदल्या वर्षींच नोकरी सोडली होती, आणि तेथील व्यवस्था सुरक्षित नाहीं असें चालकांस पत्र लिहून बजावलें होतें. पत्र पोंचलें होतें. वाचलें गेलें होतें. व्यवस्था बदलली नाहीं. १९९४ सालीं मनुष्यवधाच्या आरोपाखालीं केंद्राचा चालक तुरुंगांत गेला, आणि इंग्लंडच्या न्यायालयांत एका कंपनीस या गुन्ह्याबद्दल दोषी ठरविण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. पुढल्याच वर्षीं, १९९५ सालीं, अशा केंद्रांस परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला.

हें प्रकरण आम्ही भीति घालण्याकरितां सांगितलें नाहीं. त्या दोन शिक्षकांचें पत्र आमच्या डोळ्यांपुढून हलत नाहीं म्हणून सांगितलें. ज्यांस काम येत होतें ते सोडून गेले आणि केंद्र चालूच राहिलें. याचा अर्थ असा कीं, दुकान आणि विद्या यांची फारकत झाली होती. आपल्याकडे ती फारकत आरंभापासूनच होऊं लागली आहे. ज्यास जाहिरात करतां येते तो मालक होतो, आणि ज्याच्या भरंवशावर मुलें डोंगरांत जातात तो एकोणीस वर्षांचा एक हौशी पोरगा असतो. त्यास मजुरी नाहीं. "तुझी सहल फुकट" एवढ्या आमिषावर त्याच्या गळ्यांत शिटी अडकविलेली असते. त्यास हरणटोळासारखा पळतां येतें, फोटो उत्तम काढतां येतो. पण आग्यामोहळ उठलें असतां काय करावें, उन्हानें भोवळ आलेल्या मुलीस कसें निववावें, नाळेंतून उतरतांना सुटा दगड कोणावर जाईल, हें त्यास कोणी शिकविलेलें नसतें. अमेरिकेंत पॉल पेट्झोल्ट हा कोलोरॅडोच्या आउटवर्ड बाउंड शाळेचा मुख्य शिक्षक होता. मुलांस नेणारीं लायक माणसेंच पुरेशीं नाहींत हें पाहून त्यानें १९६५ सालीं वायोमिंगमध्यें पुढारी तयार करण्याची निराळी शाळा काढली. आपल्या देशांत दार्जिलिंगची संस्था १९५४ सालीं व उत्तरकाशीची १९६५ सालीं निघाली. तेथें सुमारें चार आठवड्यांचा प्राथमिक पाठ देतात. तो घेतलेला माणूस बर्फांत तरबेज होऊन येतो. पण आपल्याकडच्या निसरड्या कातळाची व कोरड्या टांक्यांची विद्या त्यास येथील वाटांवर निराळी शिकावी लागते, आणि ती बहुधा गांवचा वाटाड्याच शिकवितो.

या गांवच्या माणसाविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून पुढें जाववत नाहीं. शहरांतले दुकानदार त्यास "लोकल" म्हणतात. त्याच्या घरचें पिठलें-भाकरी खावयाची, त्याच्या अंगणांत पथारी टाकावयाची, त्याच्या पोरास वाट दाखवावयास पुढें धाडावयाचें, आणि निघतांना दर पाडून घ्यावयाचा! इरशाळगडास जाणाऱ्यांनीं इरशाळवाडीच्या ठाकरांच्या झोंपड्यांतून किती वेळां पाणी मागून प्यालें असेल याची गणती नाहीं. २०२३ च्या जुलैच्या १९ तारखेच्या रात्रीं डोंगराचा कडा त्या वाडीवर आला आणि निजलेलीं माणसें निजलेल्या ठिकाणींच गाडलीं गेलीं. दुसऱ्या दिवशीं पहाटें पावसांतून चढून तेथें जे पोंचले त्यांत गिर्यारोहकहि होते, आणि त्यांस आमचे दंडवत. परंतु ज्या वाडीच्या जिवावर इतक्या सहली झाल्या तिच्याशीं आपलें नातें काय होतें, हा प्रश्न प्रत्येक दुकानदारानें स्वतःशीं एकदां विचारावा. जो तरुण हा धंदा काढील त्यानें वाटाड्याची मजुरी आधीं ठरवावी व मगच मुलांची फी ठरवावी, असा आमचा आग्रह आहे.

कायद्याचें काय, असें कोणी विचारील. महाराष्ट्र शासनानें २०१८ सालीं साहसी उपक्रमांकरितां सुरक्षिततेच्या सूचना काढल्या, आणि २०२१ च्या ऑगस्टांत साहसी पर्यटनाचें धोरण जाहीर केलें; पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी, शिकलेलीं माणसें ठेवावींत, साधनें व विमा असावा, असा त्याचा एकंदर आशय. आमच्या भाच्यानें नोंदणीचे कागद पाहून कपाळास हात लावला, आणि "लहान माणसानें जगावें कीं नाहीं?" असें तो रागानें म्हणाला. त्याचा राग सर्वस्वीं अस्थानीं नाहीं. दोन माणसांचा धंदा आणि बसगाड्यांचा तांडा यांना एकाच मापानें मोजलें म्हणजे कागदाचें ओझें लहानग्यालाच अधिक लागतें. आणि जो केवळ एका फोन-क्रमांकावर दुकान चालवितो त्यास कोणताच कागद लागत नाहीं. तरीहि आम्ही त्यास नोंदणी करावयास लावली. कड्यावर दोर बांधावयाचा तो पडणारच आहों म्हणून बांधीत नाहींत.

आतां व्यापारी गृहस्थांच्या खऱ्या मुद्द्याकडे येतों. कारण त्यांस उत्तर दिल्यावांचून हा सर्व उपदेश पोकळ ठरेल. चौदा मुलांवर सुटतें काय? भाच्यानें अंदाजी आंकडे मांडले ते असे. दर डोईं दीड हजार रुपये धरले तर एकवीस हजार. त्यांतून गाडीचे नऊ हजार. दोन वाटचालकांची मजुरी तीन हजार. गांवच्या वाटाड्यास एक हजार. हांकणाऱ्यासुद्धां सतरा माणसांचें खाणें सवाचार हजार. विमा, औषधें व दोराची झीज मिळून साडेबाराशें. बाकी राहिले अडीच हजार. उलट पन्नास जणांस नऊशें रुपयांत नेलें तर पंचेचाळीस हजार येतात. मोठी गाडी चौदा हजार, चोपन्न माणसांचें खाणें दहा हजारांच्या आंत, पुढाऱ्यांस मजुरी शून्य, विमा शून्य, वाटाड्या शून्य. आणि वीस हजारांवर रक्कम शिल्लक! प्रवाशास वाटतें कीं सहाशें रुपये वांचले. ते कोणाच्या ताटांतून व कोणत्या दोरांतून वांचले हें त्यास कोणी सांगत नाहीं.

या हिशेबापुढें आम्ही डोळे मिटत नाहीं. एका एका रविवारच्या सहलीवर लहान धंदा जगणार नाहीं, हें कबूल केलेंच पाहिजे, आणि ज्यास हें कबूल नाहीं तो दोन वर्षांत आपोआप पन्नासांवर जातो. आम्ही असें पुष्कळ भले तरुण या वाटेनें घसरलेले पाहिले आहेत. पहिल्या वर्षीं पंधरा, दुसऱ्या वर्षीं "या एका खेपेपुरते" तीस, आणि तिसऱ्या वर्षीं बसगाडी. म्हणून आमच्या मतें विकावयाची वस्तूच निराळी असली पाहिजे. एकदांची सहल विकूं नये. वर्षाची शिकवण विकावी. त्याच चौदा मुलांस वर्षांत सहा वेळां न्यावें. पहिल्या खेपेस त्यांनीं नुसतें चालावें, दुसरीस नकाशा वाचावा, तिसरीस चूल पेटवून आपलें आपण शिजवावें, पुढें रात्रीं मुक्काम करावा, आणि सहावीस वाट त्यांनींच काढावी व वाटचालकानें मागून मुकाट्यानें चालावें. याची फी वर्षारंभीं एकदम घ्यावी, म्हणजे ओढ्याकांठून परत फिरतांना हात खिशाकडे जात नाहीं. आठवड्याच्या मधल्या दिवशीं शाळांचे वर्ग न्यावे. डोंगर रविवारींच उघडा असतो असें थोडेंच आहे? यांत श्रीमंत कोणी होणार नाहीं. पण चरितार्थ चालेल, आणि मुलगा सहाव्या खेपेस डोंगरावरून उतरेल तो पहिल्या खेपेचा राहिलेला नसेल.

यावर पालकवर्ग म्हणेल कीं इतकी फी आम्हांस झेंपत नाहीं. ज्यांस खरोखरच झेंपत नाहीं त्यांच्या मुलांकरितां दर चौदांत दोन जागा राखून ठेवाव्या, आणि तो भार बाकीच्या बारांनीं उचलावा, असें आम्हीच सुचविलें आहे. परंतु बहुतेकांच्या बाबतींत हें गाऱ्हाणें पैशाचें नसतें. प्रवेश-परीक्षेच्या शिकवणीस लाख रुपये मोजतांना ज्यांचा हात कांपत नाहीं तेच गृहस्थ डोंगराच्या फींत तीनशें रुपयांची घासाघीस करितात, आणि वाटचालक शिकलेला आहे काय, मुलें किती आहेत, परत फिरण्याची वेळ ठरलेली आहे काय, यांपैकीं एकहि प्रश्न विचारीत नाहींत. विचारतात तो एकच: "जेवण धरून ना?" जोंपर्यंत गिऱ्हाईक हाच प्रश्न विचारीत राहील तोंपर्यंत पन्नासांची गाडी भरतच राहणार, मग कायदे कितीहि होवोत.

असो. भाच्याची पहिली वर्षाची तुकडी जुलैंत निघाली. चौदा मुलें, दोन वाटचालक आणि गांवचा एक म्हातारा वाटाड्या. पहिल्याच खेपेस, अर्ध्या वाटेवरच्या ओढ्याचें पाणी गढूळ होतांना पाहून म्हातारा थांबला आणि कांहीं न बोलतां त्यानें काठी आडवी धरली. मुलें हिरमुसलीं, एकानें तर "पलीकडचे लोक जाताहेत कीं!" असें म्हणून दाखविलें, आणि तें खरेंहि होतें, कारण एक मोठी टोळी थोडी खालून ओढा ओलांडीत होती. त्यांना कांहीं झालें नाहीं. सुखरूप वर गेले आणि सुखरूप उतरले. आमचीं मुलें खालीं वाडींत पडवीला बसून भाकरी खाऊन आलीं. त्या रात्रीं तीन पालकांचे फोन आले कीं शिखर न दाखवितां पैसे कसले घेतां. भाच्यानें त्या तिघांची वर्षाची सर्व फी दुसऱ्या दिवशीं परत केली. उरलेल्या अकरा जणांस घेऊन तो ऑगस्टांत पुन्हां त्याच ओढ्यावर गेला.